कंपनीचे पडदे

"हे पडदे मी धुणार नाही," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

लाँड्रीच्या काउंटरवर जांभळ्या मखमली पडद्यांचा असा ढीग पडला होता, की पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा फक्त टाय दिसत होता. टायच्या वरून आवाज आला, "पण साहेब, बाहेर तर 'सर्व प्रकारचे कपडे' अशी पाटी आहे."

"आहे. पण सर्व प्रकारच्या माणसांचे असं नाही लिहिलेलं."

हे अध्यक्ष कुठल्या पक्षाचे किंवा बँकेचे नव्हते. ते गल्लीच्या नेटचे अध्यक्ष होते. काही वर्षांपूर्वी गल्लीने कंपनीकडे नेटसाठी अर्ज केले, तेव्हा कंपनीने कळवलं की आमच्या वायरी मोठ्या रस्त्यापर्यंतच येतात, पुढे गल्लीत शिरणं परवडत नाही. म्हणून सगळ्या घरांनी मिळून टेकडीवरच्या टॉवरकडून एकच दणदणीत कनेक्शन घाऊक भावात घेतलं आणि ते घराघरांत वाटून घेतलं. टॉवरकडे तोंड करून अँटेना लावायला सर्वांत उंच गच्ची लागत होती. ती लाँड्रीची निघाली आणि गच्चीबरोबर मालकही अध्यक्ष झाला. निवडणूक झाली होती, पण विरोधात उभं राहण्याइतकी उंच गच्ची दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

आता त्याच कंपनीला गल्ली परवडायला लागली होती. गल्लीच्या तोंडाशी तिचं चकचकीत दुकान उघडत होतं, आणि पहिले सहा महिने गल्लीच्या वर्गणीच्या निम्म्यात नेट, असे कागद घरोघरी येऊन पडले होते. सोमवारी दुकानाचं उद्घाटन होतं. गल्लीने टायवाल्यालाही बोलावून रविवारी अध्यक्षांच्या गच्चीवर सभा ठेवली होती. आपलं नेट चालवायचं की बंद करायचं, एवढा एकच विषय होता.

अध्यक्षांचं जेवण त्या विषयाने आधीच कमी झालं होतं. बायकोला ते रोज समजावून सांगत. "अगं, हे वाटून केलेल्या रिक्षासारखं आहे. सहाजण बसलेत तोवर स्वस्त. एक उतरला की उरलेल्या पाचांना महाग पडतं, म्हणून दुसरा उतरतो. मग तिसरा. शेवटी रिक्षात मी एकटा आणि सगळं भाडं माझ्या बोकांडी."

"तुम्ही एकटे नाही," वहिनी म्हणत. गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. "शेजारी मी असेनच. गप्प बसा म्हणायला."

याच वहिनी आता आतून हात पुसत आल्या. त्यांनी पडद्याचं एक टोक चिमटीत धरून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "गोदामातले दिसतात. दोनदा धुवावे लागतील. शनिवारी संध्याकाळी घेऊन जा."

"अगं, शत्रूचे पडदे आहेत."

"पडद्यांना कुठे माहितीय ते?" वहिनींनी पावती फाडली. टायवाल्याने ढिगावरून डोकं काढून नमस्कार केला आणि मत बदलायच्या आत तो निघून गेला.

पडदे एवढे होते, की एका दिवसात सगळे वाळत घालायला दोऱ्या पुरेनात. म्हणून तीन हप्ते करायचं ठरलं. गुरुवारी सकाळी पहिला हप्ता धुऊन, पिळून गच्चीवर गेला. दोन माणसांनी मिळून एक पडदा उचलावा इतकं पाणी प्यायलेली ती मखमल. दहाच्या सुमाराला शेवटचा चिमटा लागला, अध्यक्ष कंबर धरून खाली आले आणि काउंटरवरचा फोन वाजला.

"अध्यक्ष, नेट गेलं," शिकवणीबाई म्हणाल्या. त्या घरी बसून दूरदूरच्या मुलांना नेटवरून गणित शिकवायच्या. "भागाकार सांगताना गेलं. माझा चेहरा 'आ' वासलेला तसाच अडकलाय म्हणे. मुलं फोटो काढून एकमेकांना पाठवतायत."

मग फोन थांबेनातच. अध्यक्षांनी राऊटर बंद करून चालू केला, पुन्हा बंद करून पुन्हा चालू केला, थोडा थोपटला. शेवटी गच्चीवर गेले. ओल्या मखमलीतून वाट काढताना दोन पडद्यांनी त्यांच्या थोबाडीत दिल्या. अँटेनापाशी पोचून पाहिलं तर तिचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला. त्यांनी वायरताईला फोन लावला. नेटची सगळी उभारणी तिची होती, पण नेमकी ती बहिणीच्या बाळंतपणाला दूर गेली होती. मागे बाळ रडत होतं.

"समोर काही आडवं आलंय का?" तिने ओरडून विचारलं. "नवी इमारत, झाड, मोठी पाटी?"

अध्यक्षांनी पडदा बाजूला सारून टेकडीपर्यंत नजर टाकली. "काही नाही गं. सगळं मोकळं आहे," म्हणाले आणि पडदा सोडून दिला.

"मग टॉवरवाल्यांचा घोळ असेल. होईल आपोआप."

आणि खरंच, उन्हं उतरता उतरता नेट आपोआप आलं. अध्यक्षांनी सुस्कारा टाकला, वाळलेले पडदे काढून घड्या घातल्या आणि शुक्रवारी सकाळी दुसरा हप्ता वाळत घातला. दहा वाजता नेट पुन्हा गेलं. संध्याकाळी पुन्हा आलं.

शुक्रवारी संध्याकाळी लाँड्रीसमोर माणसं जमली. पुढे हरकतकाका होते. ते एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही सभेत त्यांचं पहिलं वाक्य "माझी हरकत आहे" हेच असायचं. कंपनीचं दुकान त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने होतं, त्यामुळे या आठवड्यात ते जरा बेताने बोलत होते. पण आज डोकं चाललं ते चाललं.

"नीट बघा," ते म्हणाले. "काल दहाला गेलं, पाचला आलं. आज दहाला गेलं, पाचला आलं. दहा ते पाच. याचा अर्थ काय?"

सगळे बोटांवर तास मोजायला लागले.

"हा पगारी माणूस आहे. हौसेने बिघडवणारा वेळकाळ बघत नाही. दहाला येऊन बिघडवायचं आणि पाचला सोडायचं, ही नोकरी झाली. आणि आपलं नेट बिघडवायला पगार कोण देईल?"

सगळ्यांच्या माना एकदम गल्लीच्या तोंडाकडे वळल्या. तिथे टायवाला शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्याने हसून हात हलवला.

"बघा, कसा हसतोय," शिकवणीबाई म्हणाल्या.

झालं. बघता बघता गल्लीचा रंग पालटला. ज्यांनी निम्म्या दराचे कागद उशीखाली जपून ठेवले होते, त्यांनी ते फाडून लाँड्रीच्या कचऱ्यात आणून टाकले. कंपनीकडे नाव नोंदवून आलेला न्हावी नाव काढून घेऊन आला. एक आजोबा, ज्यांच्याकडे फोनच नव्हता, तेही वर्गणी द्यायला आले. "प्रश्न नेटचा नाही, मानाचा आहे," असं म्हणून त्यांनी अध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवला. अध्यक्षांना गहिवरून आलं. त्या रात्री ते पोटभर जेवले.

"रिक्षा भरली गं," ते म्हणाले. "टपावर माणसं बसलीयत."

शनिवारी तिसरा हप्ता वाळत पडला आणि नेट इमानदारीत दहाला गेलं. दुपारी टायवाल्याचा फोन आला. पडदे थोडे लवकर मिळाले तर बरं, उद्या सभेनंतर लगेच लावायचे आहेत. वहिनींनी अध्यक्षांना वर पिटाळलं. "ओलसर असतील ते इस्त्रीने वाळवू. काढून आणा."

अध्यक्षांनी पहिला पडदा काढून खांद्यावर टाकला. काही झालं नाही. दुसरा, तिसरा काढला. चौथा काढला तेव्हा खिशातल्या फोनने टिंग केलं. पाचव्याला टिंग टिंग. सहावा काढला आणि फोनला जणू हीव भरलं. सकाळपासून अडकलेले सगळे निरोप एकदम यायला लागले. अध्यक्ष खूश झाले. टॉवरवाले सुधारले म्हणायचे. एवढ्यात हातातला पडदा घसरायला लागला म्हणून त्यांनी तो पुन्हा दोरीवर टाकला. वरून अजून दोन टाकले. फोन गप्प झाला.

मग त्यांनी पडदा काढला. टिंग. पडदा टाकला. गप्प. काढला. टिंग.

वहिनी हाका मारून मारून शेवटी वर आल्या, तेव्हा नवरा भर उन्हात एक पडदा दोरीवर टाकत होता आणि काढत होता.

"ऊन लागलं का तुम्हाला?"

"अगं," अध्यक्ष खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "तो पगारी माणूस मीच आहे."

सगळं ऐकून वहिनी आधी पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मग उद्या सभेत सांगून टाका."

"सांगून टाका काय? कंपनीवरच्या रागाने तर सगळी परत आलीयत. राग उतरला की माणसंही उतरतील. आपलं नेट टिकतंय ते या पडद्यांवर."

"आणि नाही सांगितलं तर? मी काय जन्मभर ओल्या चादरी घरात वाळवू? शिवाय त्या पोराला उद्या कोणी धरून मारलं तर?"

टायवाला तसा पोरसवदाच होता, हे अध्यक्षांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. त्या रात्री त्यांचं जेवण पुन्हा कमी झालं.

रविवारी गच्ची माणसांनी फुलली. लोक मुद्दाम उत्साहाने आले होते. टायवाल्याची फजिती बघायची होती ना. त्याने दुकानातला मोठा टीव्ही उचलून आणला होता आणि पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला होता. आमचं नेट कसं पळतं ते दाखवायला त्यावर कंपनीची फिल्म चालू होती. एक कुटुंब हिरव्या मैदानातून कारण नसताना हसत पळत होतं. समोर गल्ली दातओठ खात बसली होती. टायवाला बोलायला उभा राहणार, तेवढ्यात अध्यक्ष पुढे आले.

"आधी माझं ऐका," ते म्हणाले. "आपलं नेट कंपनीने बिघडवलं नाही. मी बिघडवलं. म्हणजे पडद्यांनी. मी त्यांचे ओले पडदे अँटेनासमोर वाळत घातले होते. टॉवरचा सिग्नल अडत होता. वाळले की येत होता."

अध्यक्षांना वाटलं, आता उठून मारतात.

"माझी हरकत आहे," हरकतकाका म्हणाले. "कोणाचे पडदे?"

"कंपनीचे."

"किती?"

"पुष्कळ. तीन दिवस लागले धुवायला."

"आणि धुलाईचे पैसे देणार कंपनी." हरकतकाकांनी सभेकडे वळून हात पसरले. "आता बोला. खाल्ल्या मिठाला जागतायत आपले अध्यक्ष."

"शोभत नाही हो तुम्हाला," शिकवणीबाईंचा आवाज भरून आला. "आम्ही तुमच्या भरवशावर होतो."

"वर्गणी परत द्या," फोन नसलेले आजोबा म्हणाले.

अध्यक्ष थक्क झाले. त्यांनी आयुष्यात एवढी अवघड खरी गोष्ट कधी बोलून दाखवली नव्हती, आणि ती कोणी घ्यायलाच तयार नव्हतं. टायवाला मात्र आनंदाने उठला. "म्हणजे आमच्यावर संशय होता? तरीच परवापासून मला गल्लीत कोणी चहा देईना." पण तो अध्यक्षांच्या बाजूने बोलतोय म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली, की दोघं आतून एक आहेत.

तेव्हा वहिनी उठल्या. खाली वसतिगृहाची ब्लँकेटं भिजत पडली होती. "बोलत काय बसलात? या इकडे सगळे. दोघादोघांनी एकेक ब्लँकेट घ्या. पिळायची नाहीत."

गल्ली रागावलेली होती, तरी वहिनींपुढे कोणाचं काही चालायचं नाही. जिन्यातून पाणी गळत ब्लँकेटं वर आली. पहिलं न्हावी आणि शिकवणीबाईंनी अँटेनासमोर ताणून धरलं.

"चालू आहे," हरकतकाका फोन बघून म्हणाले. "बघा. सगळं थोतांड."

दुसरं धरलं, तरी चालू. तिसरं उंच धरताना फोनवाले, बिनफोनवाले सगळे भिजले. आजोबांच्या डोक्यावर एक टोक पडलं आणि ते आतूनच "मला काही दिसत नाही, चालू आहे का?" विचारायला लागले. कोणीतरी हसलं. रविवारी सकाळी गच्चीवर शेजाऱ्यांबरोबर ओलं ब्लँकेट धरून फार वेळ रागावून राहता येत नाही. चौथं, पाचवं उभं राहीपर्यंत सगळीच खिदळत होती. सहावं वर गेलं.

"गेलं," शिकवणीबाई म्हणाल्या.

"माझंही गेलं."

हरकतकाकांनी आपला फोन झटकला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला. "गेलं," त्यांनी नाइलाजाने मान्य केलं. अध्यक्षांच्या छातीवरचं ओझं उतरलं. एवढ्यात आजोबांनी ब्लँकेटखालून डोकं काढलं आणि टाकीकडे बोट दाखवलं.

"आणि यांना काय झालं?"

टीव्हीवरचं हसरं कुटुंब एकत्र उडी मारून हवेतच अडकलं होतं. वडिलांचा एक पाय वर, मुलीचे केस उभे, आणि मध्ये एक गोल चक्र फिरत होतं. सगळ्यांनी टायवाल्याकडे पाहिलं. टायवाल्याने टीव्हीसमोर उभं राहून तो झाकायचा प्रयत्न केला, पण टाय फारच अरुंद होता.

"तुमचं का हो थांबलं?" अध्यक्षांनी हळूच विचारलं. "तुमची तर वेगळी वायर ना?"

टायवाल्याने टायची गाठ सैल केली. "वायर अजून आली नाही," तो म्हणाला. "निम्मी गल्ली नाव नोंदवेपर्यंत हेड ऑफिस वायर टाकत नाही. परवडत नाही. पण नावं नोंदवायला दुकान लागतं. आणि दुकानाला नेट लागतं."

"मग?"

"मग तुमचंच वापरतोय. खोलीबरोबर मिळालं."

सगळी गच्ची हरकतकाकांकडे वळली. काका ब्लँकेटच्या मागे सरकले. "भाडेकरूला पाणी, वीज, नेट द्यावं लागतं," ते पुटपुटले. "रिकामी खोली कोण घेतो?"

"म्हणजे," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, कारण हिशेब त्यांच्या डोक्यात आत्ताच लागत होता, "उद्या आम्ही सगळे तुमच्याकडे आलो, आणि आमचं नेट बंद झालं, तर तुमचं दुकान कशावर चालणार?"

टायवाल्याने विचार केला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. हा विचार याआधी कोणीच केला नसावा. "मी हेड ऑफिसला विचारून सांगतो," तो म्हणाला.

मग जे हसू फुटलं, ते टेकडीवरच्या टॉवरपर्यंत गेलं असेल. ब्लँकेटं हातातून सुटली, फोन टिंगटिंगायला लागले आणि टीव्हीवरचं कुटुंब हवेतून धप्पकन खाली येऊन पुन्हा पळायला लागलं. मतदान घ्यायचं भान कोणाला राहिलं नाही. ओले कपडे बदलायला घरी जाता जाता जो तो वहिनींना सांगून गेला, "आपलं चालू ठेवा." शिकवणीबाईंनी अध्यक्षांची माफी मागितली. आजोबांनी वर्गणी परत घेतली नाही. उलट आता फोनच विकत घ्यावा, असं त्यांच्या मनाने घेतलं.

टायवाला मागे थांबला होता. "अध्यक्ष, दुकानासाठी रीतसर कनेक्शन मिळेल का? नोकरीचा प्रश्न आहे."

अध्यक्षांनी वहिनींकडे पाहिलं. "मिळेल," वहिनी म्हणाल्या. "पण तुमचा धंदा आहे. तुम्हाला दुप्पट."

कंपनीचं दुकान अजून तिथेच आहे. टायवाला तिथे फोन आणि चार्जर विकतो. बरे खपतात. वर्गणी मात्र सर्वांत आधी त्याची येते, आणि नेट जरा हळू झालं की पहिली तक्रारही त्याचीच येते. पुढे कधीतरी कंपनीने आपल्या सगळ्या दुकानांची तपासणी केली, त्यात हेच दुकान पहिलं आलं. एवढं स्वस्त, वेगवान आणि न अडणारं नेट कंपनीच्या स्वतःच्या एकाही दुकानात नव्हतं. टायवाल्याला बक्षीस मिळालं, आणि हे कसं जमलं याचा अभ्यास करायला हेड ऑफिसहून दोन साहेब आले. टायवाला त्यांना गुपचूप लाँड्रीत घेऊन आला.

अध्यक्षांनी इस्त्री बाजूला ठेवून त्यांना सगळं समजावलं. घाऊक कनेक्शन, वाटून घेतलेला खर्च, ज्याला जमत नाही त्याला फुकट, बिघडलं तर वायरताई, जाहिरात नाही, टाय नाही. साहेबांनी मान डोलावत सगळं ऐकलं, एकमेकांच्या कानात कुजबुजले, आकडेमोड केली, पुन्हा कुजबुजले. शेवटी त्यातले थोरले साहेब उठले आणि त्यांनी फार आदराने अध्यक्षांचा हात हातात घेतला.

"योजना उत्तम आहे," ते म्हणाले. "पण इतकं स्वस्त आम्हाला परवडणार नाही."